चार चाकांचा फेरा

जॅकखाली ठेवायला जुन्या दाराची सागवानी फळी काढली. कामठ्यातल्या आमच्या अंगणाची माती दिवाळीनंतरही आतून ओलसर असते. वरचं सारवण सुकलेलं दिसतं, पण जॅकच्या तळहाताएवढ्या पायावर गाडीचा भार आला की तो पाय हळूहळू आत रुततो आणि जॅक तिरपा होतो. मागच्या वेळी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून या वेळी फळी आधी आणि बाकी सगळं नंतर. लाकडी गुटके, गोटीपाना, टॉर्क पाना, हवेचा गेज, नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी आणि एक वही. सुटीला पुण्याहून आलेला भाचा मदतीला.

कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी विचारलं, “पंचर झाली का रे?”

“नाही आजी. पुढचे चाकं मागं करून राहिलो, मागचे पुढं.”

“चांगले चाकं कायले काढून राहिला मंग?”

आजींचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. चांगली आहेत तोवरच ती काढायची असतात.

गाडी नेक्सॉन ईव्ही, २०२० साली बाजारात आली तेव्हाची पहिली आवृत्ती. वजन १,४०० किलो. मोटर पुढे आहे, आणि ती पुढच्याच दोन चाकांना फिरवते. पेट्रोलच्या गाडीत इंजिनानं वेग घेतल्यावर मग ओढ येते. इथे गाडी उभी असतानाच २४५ न्यूटन-मीटरची पूर्ण ओढ तयार असते. पाय जरा जोरात पडला की पुढचे टायर रस्त्यावर घासून निघतात. एवढ्यावर संपत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की हीच मोटर जनित्र होते, गाडीचा वेग खाऊन बॅटरीत वीज भरते, आणि तो रोधही पुढच्याच चाकांवर येतो. म्हणजे ओढायचं पुढच्यांनी, वळायचं पुढच्यांनी, थांबवायचंही बहुतेक पुढच्यांनीच. मागची दोन चाकं भार वाहत मागून येत राहतात. शेतात एका बैलावरच जू टाकलं तर जे होईल, ते इथे रोज होतं.

भाच्यानं पट्टी खाचेत उभी धरून आकडे वाचले, मी वहीत लिहिले. पुढचं डावं ४.१ मिलिमीटर, पुढचं उजवं ४.४. मागची ५.९ आणि ६. चारही टायर एकाच दिवशी बसवलेले. कायद्यानं १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर रस्त्यावर चालत नाही. तसेच ठेवले असते तर पुढची जोडी आधी बाद झाली असती आणि गाडीवर दोन नवे, दोन जुने टायर आले असते. पावसाळ्यात गोंदियाच्या रस्त्यावर पाणी साचलेलं असताना चारही चाकांची पकड सारखी असणं किती मोलाचं असतं, ते एकदा गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी झाली की कळतं. म्हणून साधारण दर दहा हजार किलोमीटरला ही अदलाबदल.

आता धोक्याची गोष्ट, आणि ती मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. या गाडीच्या पहिल्या आवृत्तीत ‘पार्क’ नाही. नॉब फिरवून पुढे, मागे किंवा न्यूट्रल, एवढंच. गिअरमध्ये टाकून गाडी अडकवून ठेवायची जुनी सवय इथे कामाची नाही. गाडी धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, आणि तो मागच्या चाकांवर आहे. म्हणजे मागचं एक चाक हवेत उचललं की गाडीला जमिनीवर धरणारं एकच चाक उरतं, आणि पुढची दोन्ही चाकं मोकळी असतात. अंगणाला पावसाचं पाणी जायला उतार असतोच. गुटके पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट ठोकल्याशिवाय मागच्या चाकाखाली जॅक लावायचा नाही. शिवाय काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं. जॅक सरकलाच तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही.

जॅक लावायची जागाही ठरलेली आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरीची पेटी पसरलेली असते. तिथे जॅकचं टोक टेकवलं तर गाडीतला सगळ्यात महागडा भाग चेपतो. दारांखालच्या पत्र्याच्या कडेला खूण केलेली असते, त्या खुणेवरच जॅकची खाच बसली पाहिजे. भाचा जमिनीवर आडवा होऊन, टॉर्च धरून चारही खुणा पाहून आला.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी हलते. पुढच्या डाव्या चाकाचे चार नट सुटले, पाचवा हलेना. मागे कुठेतरी हवेच्या बंदुकीनं तो अंदाधुंद आवळला गेला होता. पान्यावर उभं राहून उड्या मारायचा मोह होतो, पण त्यानं बोल्टाचे आटे जातात. पान्याच्या दांड्यावर हातपंपाच्या जुन्या पाइपाचा तुकडा चढवला आणि सावकाश भार दिला. कर्रर्र आवाज झाला आणि नट सुटला.

हातात एक जॅक आणि एक स्टेपनी असताना चार चाकांची जागा बदलायची कशी, हे कोडं मला फार आवडतं. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीची रीत अशी: पुढची चाकं सरळ मागे जातात, मागची तिरपी पुढे येतात. वहीत बाण काढले तेव्हा लक्षात आलं की हे एकच अखंड वर्तुळ आहे. पुढचं डावं मागे डावीकडे, तिथलं पुढे उजवीकडे, तिथलं मागे उजवीकडे आणि तिथलं परत पुढे डावीकडे. म्हणून पहिल्या जागी तात्पुरती स्टेपनी बसवायची. मग काढलेलं चाक पुढच्या मुक्कामी न्यायचं, तिथलं निघेल ते त्याच्या पुढच्या मुक्कामी, आणि शेवटी स्टेपनी उतरवून चौथं चाक तिथे. पाच वेळा उचल आणि काम पुरं. चार वेळा असा फेरा झाला की प्रत्येक टायर चारही कोपऱ्यांत राबून आपल्या मूळ जागी येतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र तिरपं न्यायचं नाही. त्याच बाजूला पुढेमागे.

भाच्याला मोटारींचं वेड. “मामा, स्पोर्ट्स कारचंही असंच?” सगळ्यांचं नाही. टेस्लाची २००८ सालची रोडस्टर घ्या: पुढचे टायर १७५ मिलिमीटर रुंद, १६ इंची, मागचे २२५ मिलिमीटर रुंद, १७ इंची. मोटर मागे, ओढ मागच्या चाकांना, म्हणून मागे रुंद टायर. तिथे पुढचं चाक मागे बसवायची सोयच नाही. मागची जोडी झिजली की मागचीच जोडी बदलायची. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ चीही ओढ मागे आहे. पण चारही टायर एकाच मापाचे असले की फेरा शक्य असतो, फक्त उलटा: मागची सरळ पुढे, पुढची तिरपी मागे.

चाक निघाल्यावर आतलं दिसतं, आणि हाच या कामातला माझा आवडता भाग. पुढच्या ब्रेकच्या तबकडीवर तांबूस गंजाची कड होती. बिघाड नव्हे तो. वेग मोटरच खाते, त्यामुळे ब्रेकला घासायची पाळी कमी येते आणि दमट हवेत तबकडी तांबारते. आतल्या कोपऱ्यात कापणीच्या दिवसांतला चिखल सुकून बसला होता, त्यात तणसाच्या काड्या. रस्त्याकडेच्या बांध्यांत धानाचे पुंजने लागलेले, रस्त्यावर ट्रॅक्टरनं ओढून आणलेली माती. ती सगळी इथे साठलेली. ब्रशनं कोरून काढली. टायरच्या नक्षीतून तीन खडे आणि बाभळीचा एक काटा निघाला, सुदैवानं आरपार न गेलेला.

काम चाललं असताना डोक्यावरून शिकाऊ विमान घुमत होतं. बिरसीची धावपट्टी इथून जवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये इंग्रजांनी बांधलेली. आता तिथे वैमानिक घडतात, आणि तीच तीच चक्कर घेणारी त्यांची विमानं आमच्या सकाळचा भाग झाली आहेत. धावपट्टीवरून बंडीची धाव आठवते. आजोबांच्या काळी या अंगणात बंडी उभी असे. तिच्या लाकडी चाकाभोवतीच्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात ती धाव लाल तापवायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र करून लोखंड आकसतं आणि आरे, पाट्या सगळं एकमेकांत आवळून बसतं. चाकाची देखभाल घरच्या अंगणात होणं या गावाला नवं नाही.

चारही चाकं जागेवर गेली. नट हातानं फिरवून बसवले, मग एक सोडून एक, चांदणीच्या रेषेत आवळले, म्हणजे चाक एका बाजूला ओढलं जात नाही. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्यानं, मॅन्युअलात दिलेल्या आकड्यावर ‘टक्’ आवाज येईपर्यंत. वीस नट, वीस वेळा टक्. मोजायला भाचा. हवा सगळ्यात शेवटी, टायर थंड असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे.

पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा किंचित जास्त झिजली होती. अदलाबदलीनं ते लपेल, सुधारणार नाही. गोंदियाला जाऊन अलाइनमेंट करून घ्यायचं, असं वहीत लाल पेनानं लिहिलं.

पाच दिवसांनी आमगावला दोन फेऱ्या झाल्या आणि शंभर किलोमीटर भरले. संध्याकाळी अंगणात परत पाना लावला. एकोणीस नट जसेच्या तसे. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला, मग टक् झाला. आजी कुंपणाशी उभ्याच होत्या.

“झाले का चाकं?”

“हाव आजी. आता झाले.”