कंपनीचा पार्ट, शोरूमचं काम आणि आपला खिसा

ईदला गावी जायचं होतं, म्हणून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गाडी शोरूममध्ये सर्व्हिसिंगला दिली. सकाळी ॲडव्हायझर म्हणाला, "सहा-सात हजारांत होऊन जाईल." संध्याकाळी बिल हातात आलं अठरा हजारांचं. घरी वाद पेटला. अब्बा म्हणाले, "पैसे गेले तर गेले, माल ओरिजिनल आहे, काम कंपनीचं आहे." चाचांचं उत्तर तयार होतं, "आपल्या उस्तादने हेच काम निम्म्यात केलं असतं!"

हा वाद आपल्या बहुतेक घरांत होतो. गंमत अशी की दोघांचंही अर्धं म्हणणं बरोबर असतं. पार्ट कसा आहे हा एक प्रश्न आणि काम कसं झालं हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र करतो आणि तिथेच फसतो. म्हणून आज हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

'कंपनीचा पार्ट' बनवतं कोण?

गाडीवर ज्या कंपनीचं नाव असतं ती कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. लहान स्क्रूपासून मोजलं तर एका गाडीत सुमारे तीस हजार सुटे भाग असतात. त्यातले बरेचसे बाहेरच्या कारखान्यांतून येतात. नाशिकच्या बॉश कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. पुण्याजवळच्या चाकणमध्ये गाड्यांच्या कारखान्यांभोवती पार्ट पुरवणाऱ्या किती कंपन्या उभ्या आहेत, हे तिथे काम करणारी आपली मुलं रोज पाहतात.

बाजारात पार्ट साधारण चार प्रकारांत मिळतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, ज्याला आपण 'जेन्युइन' म्हणतो. दुसरा, तोच पार्ट कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला. तिसरा, दुसऱ्या एखाद्या कारखान्याने त्या गाडीसाठी बनवलेला. यात चांगलाही मिळतो आणि टाकाऊही. चौथा, कंपनीच्या नावाचा खोटा डबा छापून विकला जाणारा डुप्लिकेट.

पहिल्या दोन प्रकारांत दर्जाचा फरक पुष्कळदा नसतोच, फरक असतो डब्याचा आणि किमतीचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉक ॲब्झॉर्बर, बल्ब, बॅटरी, फिल्टर यांच्या बाबतीत हे विशेष लागू पडतं. खरा धोका चौथ्या प्रकाराचा आहे. ऑइल फिल्टर डुप्लिकेट असेल तर आतला कागद हलका असतो, व्हॉल्व्ह धड काम करत नाही आणि घाण तेल इंजिनात फिरत राहतं. ब्रेक पॅड डुप्लिकेट असेल तर घाटात उतरताना तापतो आणि पकड सोडतो. तिथे वाचवलेले पाचशे रुपये कुणाच्याही कामाचे नाहीत.

ओरिजिनल म्हणजे निर्दोष असं नाही

'कंपनीचा आहे म्हणजे चांगलाच' हा समजही पूर्ण खरा नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण घ्या. होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू अशा नामवंत कंपन्यांच्या गाड्यांत या एअरबॅग कारखान्यातूनच बसून आल्या होत्या. म्हणजे शंभर टक्के ओरिजिनल! त्यात वापरलेलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडायचं. मग एअरबॅग उघडताना धातूचं भांडं फुटून तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. जगभरात माणसं मेली आणि कोट्यवधी एअरबॅग बदलून द्याव्या लागल्या. २०१७ मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातल्या जुन्या गाड्याही याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या.

यातून घ्यायचं ते इतकंच की जुनी गाडी विकत घेतलीत तर तिचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून किंवा शोरूममध्ये दाखवून 'रिकॉल बाकी आहे का?' हे विचारा. रिकॉलचं काम फुकट होतं. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की कंपनीचं पत्र जुन्याच पत्त्यावर जातं, आणि नव्या मालकाला पत्ताच नसतो.

शोरूमचं बिल फुगतं कुठे?

शोरूममध्ये ट्रेनिंग घेतलेली माणसं असतात, कंपनीचा स्कॅनर असतो, टॉर्क रेंच असतो. हे मान्य करायलाच हवं. पण आपल्याशी बोलतो तो मेकॅनिक नसतो, ॲडव्हायझर असतो आणि त्याला बरेचदा विक्रीचं टार्गेट असतं. म्हणून बिलात इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, रबिंग-पॉलिशिंग अशा ओळी वाढत जातात. त्या कुटुंबाच्या बिलात अशाच पाच ओळी होत्या. गाडी वीस हजार किलोमीटरही चाललेली नव्हती.

यावर उपाय सोपा आहे. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा. किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता त्यात छापलेला असतो. त्यात नाही ते काम ॲडव्हायझरने सुचवलं तर शांतपणे विचारा, "हे कशासाठी? गाडीत तक्रार काय दिसली?" उत्तर पटलं नाही तर नको म्हणा. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे बहुतेक वेळा फक्त मजुरी फ्री असते. तेल आणि फिल्टरचे पैसे लागतात, हेही आधीच माहीत असू द्या.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

लोक इथेच सगळ्यात जास्त घाबरतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकू न देणं आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांना पार्ट, माहिती व तपासणीची साधनं न मिळू देणं, असा कंपन्यांवर ठपका होता. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण न्यायालयांत लांबलं. पण विचाराची दिशा त्यातून स्पष्ट झाली. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनांचा समावेश आहे.

तरी आमचा सल्ला व्यवहाराचा आहे. वॉरंटी चालू आहे तोवर सर्व्हिसिंग शोरूममध्येच करा. कारण इंजिन किंवा गिअरबॉक्सचा मोठा दावा अडला तर भांडत बसण्यात आपलीच वर्षं जातात. वॉरंटी संपल्यावर मात्र तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन ही कामं चांगला उस्ताद उत्तम करतो. एअरबॅग, चावी आणि इमोबिलायझर, इंजिन कंट्रोलचं प्रोग्रॅमिंग, कॅमेरा असलेल्या समोरच्या काचेचं काम, या गोष्टींना मात्र त्याच कंपनीचा स्कॅनर आणि कॅलिब्रेशन लागतं. ती शोरूममध्ये किंवा तशी साधनं असलेल्या गॅरेजमध्येच करावीत.

अपघाताच्या दुरुस्तीत

साध्या विमा पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर प्लास्टिकचा असतो. म्हणजे शोरूमने बंपर बदलला की अर्धी किंमत आपल्या खिशातून जाते. 'झिरो डेप' घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बदलण्याआधी विचारा, दुरुस्त होतो का? बंपर दुरुस्त होऊ शकतो. पण स्टीअरिंगचा रॉड, सीट बेल्ट, ब्रेकचा भाग वाकला किंवा तुटला असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरू नका. तो बदलायचाच.

एवढं नक्की करा

१. काम सुरू होण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या आणि 'मला विचारल्याशिवाय वाढीव काम करू नये' असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

२. बदललेले जुने पार्ट परत मागा. पार्ट खरंच बदलला की नाही हे तिथेच कळतं.

३. नव्या पार्टचा डबा पाहा. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव, महिना आणि वर्ष हवं. पुण्यात नाना पेठेतून किंवा मुंबईत कुर्ल्यातून पार्ट आणत असाल तरी पक्कं बिल घ्या. 'बिलाशिवाय स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडे उद्या तक्रार घेऊन जाता येत नाही.

४. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही.

आपल्या उस्तादांसाठी दोन शब्द

मेकॅनिक, डेंटर, पेंटर, वायरमन, सीट कव्हरवाले, या धंद्यात आपल्या समाजाची किती मुलं आहेत हे सांगायला नको. हाताला कसब आहे, पण बिल नाही, जॉब कार्ड नाही, 'डुप्लिकेट चालेल का?' हे गिऱ्हाइकाला विचारण्याची सवय नाही. मग गिऱ्हाईक दुप्पट पैसे देऊन शोरूमला जातं आणि आपण म्हणतो, धंदा राहिला नाही. गाड्या आता कॉम्प्युटरवर चालतात. स्कॅनर घ्या, मुलाला आयटीआयला घाला, कोणता पार्ट लावला ते बिलावर लिहून द्या. दुरुस्तीला आलेली गाडी ही अमानत आहे. तीत कुणाची तरी बायको-मुलं बसणार आहेत.

त्या कुटुंबाचं पुढे काय झालं? त्यांनी बिल आणि मॅन्युअल समोरासमोर ठेवून शोरूमच्या मॅनेजरची भेट घेतली. पाचपैकी तीन ओळींचे पैसे परत मिळाले. आता अब्बा आणि चाचा दोघंही एकच गोष्ट म्हणतात, "आधी मॅन्युअल काढ."