बोटभर मावळे, हातभर धीर

दिवाळीच्या किल्ल्यावरचं सैन्य विकत न आणता घरीच रंगवायचं ठरवलं तर? जगभर रुळलेल्या एका छंदाची ही ओळख.

पिंजौर हे हरियाणातलं गाव चंडीगडपासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर. सात टप्प्यांत उतरत जाणाऱ्या मुघल काळातल्या बागेमुळे आणि एचएमटीच्या कारखान्यामुळे त्याचं नाव देशभर झालं. नोकरीच्या निमित्ताने अशा गावात बिऱ्हाड थाटलेल्या मराठी घराला दिवाळीच्या तोंडावर एका गोष्टीची चुटपुट लागते. बाजार पणत्यांनी, मातीच्या हटड्यांनी, लक्ष्मी-गणेशाच्या मूर्तींनी भरलेला असतो. पण ढाल-तलवार घेतलेला मावळा शोधून सापडणं कठीण. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा आणि त्यावर सैन्य उभं करायचं, ही पद्धत महाराष्ट्राची. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलं की मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, झालंच तर गवळण आणि भाजीवालीसुद्धा मिळते. उत्तरेत ती सोय कुठली?

मग उपाय दोनच. गावाकडून येणाऱ्या पाहुण्याला मावळ्यांचं खोकं आणायला सांगायचं, नाहीतर सैन्य घरीच सजवायचं. दुसरा उपाय ऐकायला अवघड वाटतो. पण चिमुकली सैन्यं रंगवणं हा कित्येक देशांतल्या मोठ्या, कमावत्या माणसांचा छंद आहे, आणि त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेल्या युक्त्या आपल्या मावळ्यालाही तशाच लागू पडतात.

लष्करातून दिवाणखान्यात

पटावर सैन्य मांडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचं चतुरंग दल पटावर आलं, त्यातूनच बुद्धिबळ निघालं. युरोपात १८२४ साली प्रशियाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ आपल्या सेनाप्रमुखांना दाखवला आणि तो तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. १८९३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने आतून पोकळ असलेले शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागल्यामुळे किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांतही पलटणी आल्या. लेखक एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून जमिनीवर बसून खेळायच्या लढायांचे नियमच दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातलं युद्ध कितीतरी बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आज या छंदातलं सर्वांत मोठं नाव इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचं. तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ मध्ये आला. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. गंमत अशी, की ती विकते ते सैनिक बहुतेक रंगवलेले नसतातच. करड्या प्लॅस्टिकचे सुटे हात, डोकी, भाले खोक्यात येतात. जोडायचे गिऱ्हाइकाने आणि रंगवायचेही त्यानेच. लढाईचा खेळ संध्याकाळभराचा, पण रंगकाम महिनोन्महिन्यांचं. कित्येकांना तर खेळापेक्षा रंगकामच जास्त आवडतं.

ढिगाचं दुखणं

या छंदाचं एक दुखणंही आहे. उत्साहाने दोनशे सैनिक घरात येतात, त्यातले आठ रंगवून होतात आणि उरलेले कपाटात धूळ खात पडतात. याचं कारण बहुधा आळस नसतं. पहिला सैनिक रंगवताना माणूस त्यावर चार रात्री घालवतो. डोळ्यांच्या बाहुल्या, मिशांचे केस, पट्ट्याची बक्कल. तरीही तो बिघडतो, कारण पहिला सैनिक बिघडतोच. मग मनात हिशेब होतो : एकाला चार रात्री, तर दोनशेंना किती? इथेच ब्रश खाली ठेवला जातो.

जुने जाणकार नवशिक्याला सांगतात ते असं : सैनिक रंगवणं आणि सैन्य रंगवणं ही दोन निराळी कामं आहेत. सैन्य कुणी नाकाला लावून बघत नाही. टेबलावर किंवा किल्ल्यावर ते हातभर, दोन हात अंतरावरून दिसतं. त्या अंतरावरून पागोटं, चेहरा, अंगरखा आणि हत्यार हे चार रंग स्वच्छ वेगळे दिसले की काम झालं. डोळे नाही काढले तरी चालतं. भुवईखालची सावली पुरते.

दुसरा नियम म्हणजे एकेक सैनिक पुरा करायचा नाही. दहा जणांची रांग लावायची. आधी दहांचे चेहरे, मग दहांचे अंगरखे, मग दहांची पागोटी. दहावं पागोटं होईपर्यंत हात इतका बसलेला असतो की पहिलं पुन्हा करावंसं वाटतं. तो मोह आवरायचा.

आपल्याकडे ही रीत कुणाला शिकवायला नको. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या गणपती कारखान्यांत काम असंच विभागलेलं असतं. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, घासकाम करणारा वेगळा, अंगाचा रंग, पितांबर, दागिने यांचे हात वेगळे. डोळ्यांची आखणी तेवढी सर्वांत सरावलेल्या हाताकडे जाते. घरात आई, बाबा आणि दोन मुलं असली, तर चौघांचा छोटा कारखाना सहज उभा राहतो. सगळ्यांत लहान असेल त्याने तळाची माती आणि गवत रंगवावं. तिथे चूक दिसत नाही.

रंगकामाच्या पाच पायऱ्या

सुरुवातीला महागडे परदेशी सैनिक नकोतच. खेळण्यांच्या दुकानातले पाकिटातले हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक किंवा साधे मातीचे, प्लास्टरचे बाहुले हात बसवायला उत्तम.

पहिली पायरी धुण्याची. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर प्लॅस्टिकवर राहिलेला असतो. कोमट पाण्यात साबण घालून, जुन्या टूथब्रशने घासून सैनिक वाळवावेत. माती आणि प्लास्टर मात्र धुवायचं नाही. ते रंग शोषून घेतात, म्हणून त्यांना आधी पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकोलचा एक हात द्यावा.

दुसरी पायरी अस्तराची, म्हणजे प्रायमरची. मॅट पांढरा, करडा किंवा काळा स्प्रे एक फूट अंतरावरून हलकेच मारायचा. काळ्या अस्तरावर खाचांमध्ये आपोआप सावली राहते, पण पिवळा, केशरी आणि लाल रंग त्यावर मळके दिसतात. भगवं ज्यांच्या अंगावर जास्त आहे त्यांना पांढरं किंवा करडं अस्तरच बरं.

तिसरी पायरी मूळ रंगांची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेली कॅम्लिन (२०११ पासून तिची सूत्रं जपानच्या कोकुयोकडे आहेत) किंवा फेव्हिक्रिल यांचे अ‍ॅक्रिलिक रंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पोस्टर कलर मात्र टाळावेत. किल्ल्यावर हळीव उगवायला रोज पाणी शिंपडलं जातं आणि पोस्टर कलर त्यात ओघळतात. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. रंग ट्यूबमधून काढून तसाच थापायचा नाही. पाण्याने पातळ करून दोन हात द्यायचे, म्हणजे चेहऱ्याचं नाक-तोंड बुजत नाही. पातळ रंग वाळू नये म्हणून झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूची घडी ठेवून त्यावर बटर पेपर पसरावा. अशा ओल्या तबकडीवर रंग दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो.

ब्रशच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. बारीक काम म्हणून ते सर्वांत बारीक ब्रश आणतात. त्या ब्रशमध्ये रंग मावतच नाही, टोकाला येईपर्यंत वाळतो. त्यापेक्षा टोक चांगलं असलेला एक नंबरचा ब्रश घ्यावा. रंग धातूच्या कडीपर्यंत चढू देऊ नये. तिथे वाळला की ब्रशचं टोक फाटतं आणि ब्रश संपतो.

चौथी पायरी पाहून मुलं हरखतात. तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून सगळ्या अंगावर सोडायचा. तो घड्यांमध्ये, बोटांच्या फटींत, पागोट्याच्या पिळांत जाऊन बसतो आणि मघाचा सपाट सैनिक एकदम उठावदार दिसतो. वाळल्यावर पाचवी पायरी : जुन्या ब्रशला मूळ रंगाची फिकी छटा लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवायचा. वरचे कंगोरे उजळतात. शेवटी मॅट व्हार्निशचा हात दिला की बोटांच्या घामाने रंग जात नाही.

अंगरखा कुठल्या रंगाचा?

खरी परीक्षा यापुढे आहे. मावळ्याचा अंगरखा नक्की कुठल्या रंगाचा करायचा? बाजारातले मावळे एकाच साच्यातले आणि एकाच रंगातले, जणू सगळ्यांना सरकारी गणवेश मिळाला होता. प्रत्यक्षात मराठी घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, पण शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याच्या कपड्याचा रंग कोण ठरवणार? म्हणजे शिलेदारांची तुकडी रंगवताना दहांचे दहा निराळे दिसले पाहिजेत. नवशिक्याला हे सोयीचंच. रंग थोडा चुकला तरी तो त्या शिलेदाराचा स्वतःचा ठरतो.

रंग भडक मात्र नकोत. त्या काळात कृत्रिम रंग नव्हते. न रंगवलेलं पांढरट सुती कापड, निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा आणि उन्हापावसात विटलेल्या त्यांच्या छटा. प्रत्येक रंगात किंचित तपकिरी मिसळली की ट्यूबमधला झगझगीतपणा जातो. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत; पोशाख आणि पागोट्यांसाठी ती पाहण्यासारखी. घोडेसुद्धा सगळे पांढरे नसावेत. एखादा अबलख, एखादा पंचकल्याणी असला की तुकडीला जिवंतपणा येतो.

पिंजौरच्या घराला तर इतिहास लांब शोधायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी जिथे मराठी फौज अब्दालीशी लढली, ते पानिपत त्याच हरियाणात आहे. ती लढाई टेबलावर मांडायची तर इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ, मराठी घोडदळ आणि समोर उंटांच्या पाठीवरच्या जंबुरक तोफा, असं तीन तऱ्हेचं सैन्य लागेल. परदेशातल्या काही लहान कंपन्या १८०३ च्या आसईच्या लढाईसाठी मराठे सैनिक ओततात. जालना जिल्ह्यातलं आसई शाळेच्या पुस्तकापुरतंच ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांनी याची नोंद घ्यायला हवी. कवायती पलटण आणि शिलेदार यांतला फरक पुस्तकात वाचून विसरला जातो. पण एकीला एकसारखे आणि दुसऱ्यांना निरनिराळे रंग दिले की तो मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

एवढी काळजी घ्याच

स्प्रे गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावूनच मारावा. जुने धातूचे सैनिक हाती आले तर त्यांत शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. ते लहान मुलांना देऊ नयेत, घासू-कानशी करू नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय तर मुळीच नको. प्रकाश डाव्या बाजूने येईल असं बसावं (डावखुऱ्यांनी उजव्या), आणि तासाभराने डोळ्यांना विश्रांती द्यावी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्यांपैकी एखादा यंदा अंगणात उभा राहत असेल, मग ते अंगण पिंजौरचं असो की पुण्याचं, तर दोनशेंचा बेत नको. दहा मावळे घ्या. रोज संध्याकाळी तासभर बसलात तर आठवड्यात होतात. नरक चतुर्दशीच्या पहाटे पणतीच्या उजेडात ते तटावर उभे करा आणि दोन पावलं मागे येऊन बघा. वाकड्या मिशा दिसणार नाहीत, दिसेल ती तुकडी. पुढच्या वर्षी तिला आणखी दहा जण येऊन मिळतील.