गावोगावचे वीरगळ : उघड्यावरील शिल्पधन

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर, जुन्या शिवमंदिराच्या आवारात किंवा तळ्याकाठी कोरीव शिळा उभ्या असतात. सामान्य माणसांच्या पराक्रमाचा हा बहुधा एकमेव पुरावा होय. पण त्याची नोंद क्वचितच आढळते.

लढाईत किंवा गुरांचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचावयाचा असतो. तळाशी युद्धाचा प्रसंग, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. माथ्यावरील चंद्रसूर्य कीर्तीचे चिरंतनत्व दर्शवितात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो, तर गधेगाळावर दान मोडणाऱ्यास दिलेली शापवाणी कोरलेली असते. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. अलिबाग तालुक्यातील आक्षी येथील मराठी लेख अभ्यासकांच्या वाचनानुसार शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे. तोही गधेगाळावरच कोरलेला आहे.

ऊन-पावसापेक्षा अजाणतेपणी केलेली 'सुधारणा' या शिळांना अधिक बाधते. तैलरंगाच्या थरांखाली बारीक कोरीवकाम बुजते व ओलावा कोंडतो. तारेच्या ब्रशाने किंवा आम्लाने घासल्यास अक्षरे झिजतात. रस्ता रुंद करताना किंवा मंदिराचा जीर्णोद्धार करताना शिळा पायात वा भरावात जातात. एकदा मूळ जागेवरून हललेली शिळा नोंदीअभावी मुकी होते. ती कोणाची, कोणत्या प्रसंगाची, हे सांगणारा संदर्भच नाहीसा होतो.

यावर उपाय खर्चिक नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने प्रत्येक शिळेचे छायाचित्र, मोजमाप, जागा व गावातील आख्यायिका नोंदवावी. ग्रामपंचायतीने ती नोंद दप्तरी ठेवून भोवतालचे गवत काढावे, पाण्याला वाट करून द्यावी व साधा माहितीफलक लावावा. शिळा शक्यतो जागीच ठेवावी. हलविणे अटळ असल्यास प्रथम राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा सल्ला घ्यावा. पूजेत असलेल्या शिळेबाबत ग्रामस्थांना विश्वासात घेऊनच पाऊल उचलावे.

१९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षे वा अधिक जुने शिल्प पुरावशेष ठरते. तथापि प्रत्येक वेशीवर पहारेकरी नेमणे शासनाला शक्य नाही. पुढील रस्त्याचे काम सुरू होण्यापूर्वी गावाची यादी तयार असेल, तरच हे शिल्पधन वाचेल.