लहान मालमोटारीला एंजिन कोणतें?

नागपूरच्या नैर्ऋत्येस हिंगण्याकडे जाणारा रस्ता पहाटेपासून जागा असतो. औद्योगिक वसाहतीकडे लोखंडी सळ्या आणि यंत्रांचे सुटे भाग, कळमन्याच्या बाजाराकडे संत्रीं आणि भाजीपाला, खेड्यांकडे सिमेंट आणि खताचीं पोतीं, अशी मालाची ये-जा त्या बाजूला सारखी चालते. हें ओझें बहुतांशीं लहान मालमोटारी वाहतात. लोक त्यांना पिकअप म्हणतात. पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती जागा, मागें उघडा हौदा, आणि दीड-पावणेदोन टनांपर्यंत माल. एवढीच ही गाडी. परंतु तिच्या मालकाच्या लेखीं तें एक चालतें दुकान असतें. भांडवल कर्जाऊ असतें आणि हप्त्याची तारीख कधीं चुकत नाहीं. त्यामुळें या गाडीला एंजिन कोणतें असावें, हा प्रश्न त्या घरांत एकाद्या सोयरिकीइतक्या गांभीर्यानें चर्चिला जातो, आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं.

पेट्रोलच्या एंजिनांत हवा आणि इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. डीझेलच्या एंजिनांत ठिणगीचें कामच नाहीं. नळकांड्यांत नुसती हवा घ्यावयाची, दट्ट्यानें ती सोळा-अठरा पट दाबावयाची, आणि दाबल्यामुळें ती पांचशे अंशांच्या वर तापली कीं तींत तेलाची बारीक फवार सोडावयाची. तेल आपोआप पेट घेतें. सायकलीच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा दाबला, तर पंप ज्या कारणानें गरम होतो तेंच कारण येथें कामास येतें. रूडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरानें ही कल्पना १८९२ सालीं पेटंटासाठीं मांडली आणि १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें चालतें एंजिन करून दाखविलें. इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग त्यानें कामांत उतरविला, आणि वाफेच्या यंत्रांना तो कधींच साधला नव्हता. महाराष्ट्राला या जातीची ओळख मोटारींपूर्वीं विहिरींवर झाली. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या १९४६ सालीं स्थापन झालेल्या कारखान्याचीं एंजिनें ज्यांनीं मळ्यांत ठकठकतांना ऐकलीं आहेत, त्यांस डीझेलचा स्वभाव निराळा सांगावयास नको: आवाज मोठा, घाई कमी, दम पुष्कळ.

हा दम येतो कोठून? दाब जितका अधिक तितकें त्याच तेलांतून अधिक काम निघतें, हें एक कारण. शिवाय डीझेल तेल पेट्रोलहून जड असल्यामुळें त्याच्या एका लिटरांत उष्णताहि सुमारें दहा-बारा टक्के अधिक असते. आणि या एंजिनाचा ओढ कमी फेऱ्यांतच हातीं येतो. ओढ आणि अश्वशक्ति या दोन गोष्टींची लोक नेहमीं गल्लत करतात. जाहिरातींत अश्वशक्ति मोठ्या अक्षरांत छापतात. चढावर भरलेली गाडी हलवितो तो मात्र ओढ. ओढ म्हणजे आंस फिरविण्याचें बळ; तें न्यूटन-मीटरांत मोजतात. तो ओढ मिनिटास किती फेऱ्यांनीं लावला यावर अश्वशक्ति ठरते. म्हणून कमी ओढीचें एंजिनहि भराभर फिरून मोठी अश्वशक्ति दाखवूं शकतें. तसें तें गिअर उतरवून चढहि चढतें, परंतु ओरडत, तेल पीत आणि झिजत.

या मुद्द्याचें उत्तम उदाहरण हिंगण्याच्या वसाहतींतच सांपडतें. तेथें महिंद्रा आणि महिंद्रा कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें आधीं विलीजच्या जीप गाड्या जोडल्या, आणि १९६३ मध्यें इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशीं सहकार्य करून ट्रॅक्टरांच्या धंद्यांत पाऊल टाकलें. बी-२७५ हा त्या सहकार्याचा गाजलेला ट्रॅक्टर. त्याच्या एंजिनांत चार नळकांडीं, आणि दट्ट्याची धांव चार इंच. इंटरनॅशनलच्या त्याच घराण्यांत एक थोरलें एंजिन होतें. त्याचीहि धांव चार इंचच, पण नळकांड्याची रुंदी साडेतीन इंच. हिशेब केला तर त्याचें घनफळ २५२३ घन सेंटिमीटर भरतें. आतां महिंद्रांच्या बोलेरो पिकअपची माहितीपत्रिका उघडावी. नळकांड्याची रुंदी ८८.९ मिलिमीटर, धांव १०१.६ मिलिमीटर, घनफळ २५२३. दशमानांत हे आंकडे ओबडधोबड दिसतात; इंचांत मोडले कीं लगेच उलगडा होतो, साडेतीन आणि चार! नांगराच्या कामीं ठरलेलीं मापें आज बाजाराला माल नेणाऱ्या गाडींत नांदत आहेत. अर्थात् माप तेंच राहिलें तरी भोंवतालचें सारें बदललें आहे. तेलाच्या फवाऱ्याचें नियंत्रण आतां विजेचें यंत्र करतें, आणि त्यावर टर्बो बसला आहे. या एंजिनाची अश्वशक्ति ७५ आणि ओढ २०० न्यूटन-मीटर.

टर्बो हें नांव आतां गाडीच्या दारावर रंगवून मिरवितात. त्याचें काम मात्र ती रंगरंगोटी पाहून कळत नाहीं. एंजिनाला तेल हवें तितकें पाजतां येतें, पण तें जाळावयास हवा पुरली पाहिजे. हवा न पुरतां तेल वाढविलें तर काळा धूर निघतो, म्हणजे पैसा धुराड्यांतून जातो. दुसरीकडे, जळालेला वायु तापलेला आणि वेगवान् असा बाहेर पडतो, आणि इंधनांतील उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा त्याबरोबर फुकट जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ मध्यें या दोन अडचणी एकमेकींच्या गळ्यांत बांधल्या. बाहेर जाणाऱ्या वायूच्या झोतांत एक भिंगरी ठेवावयाची आणि तिच्याच आंसावर दुसरी भिंगरी बसवून तिच्याकडून ताजी हवा नळकांड्यांत कोंबून घ्यावयाची. प्रथम जहाजें आणि आगगाड्या यांना त्याचा लाभ झाला. भारतीय रेल्वेचीं डब्ल्यूडीएम-२ जातीचीं डीझेल एंजिनेंहि टर्बोवरच चालत. लहान मोटारींतली भिंगरी रुपयाहून फारशी मोठी नसते, पण ती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. हवा दाबली कीं तापते आणि तापली कीं विरळ होते. म्हणून मध्यें एक थंडावणारी जाळी घालून ती निववितात.

विदर्भांत तर हवेच्या या विरळपणाकडे दुर्लक्ष करून चालतच नाहीं. पौषांतील पहाटे नागपुरास पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि वैशाखांत दुपारीं पंचेचाळीसच्या पुढें चढतो. या दोन हवांच्या घनतेंत सुमारें अकरा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे साधें, बिनटर्बोचें एंजिन उन्हाळ्यांत प्रत्येक श्वासाला नऊ घांस हवा घेतें आणि हिंवाळ्यांत दहा. छिंदवाड्याच्या रस्त्यावर सिल्लेवानीचा घाट भर दुपारीं चढणाऱ्या ड्रायव्हरास हा फरक पुस्तक न वाचतांहि ठाऊक असतो. टर्बोमुळें ही तूट बरीचशी भरून निघते.

मग बिनटर्बोच्या एंजिनाला अर्थच उरला नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. पुण्याच्या टाटा मोटर्सनें २००५ सालीं ‘एस’ ही चिमुकली मालगाडी काढली. तिला दोन नळकांड्यांचें ७०२ घन सेंटिमीटरांचें साधें डीझेल एंजिन होतें आणि त्याची अश्वशक्ति अवघी सोळा. जाणकारांनीं नाकें मुरडलीं. पण गल्लीबोळांतून पाण्याचे जार आणि गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या माणसास सोळा घोडे पुरले. ज्यांत बिघडण्याजोगें कमी, तें कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाहि दुरुस्त करतां येतें, हा साधेपणाचा मोठा गुण तिच्या अंगीं होता. याच कंपनीच्या ‘इंट्रा व्ही-३०’ गाडींत १४९६ घन सेंटिमीटरांचें टर्बो एंजिन आहे. त्याची अश्वशक्ति ७०, म्हणजे बोलेरोच्या जवळपास. ओढ मात्र १४० न्यूटन-मीटर. लहान एंजिनानें टर्बोच्या बळावर शक्तींत मोठ्याची बरोबरी केली, ओढींत केली नाहीं. शहरांतील सपाट रस्त्यावर, मध्यम भाराला हें हलकें एंजिनच शहाणपणाचें; रोज गच्च भरून घाट चढणाऱ्यानें थोरल्याकडे पाहावें.

येथवर सारा न्याय डीझेलच्या बाजूचा झाला. त्याच्या विरुद्धची बाजूहि तितकीच खरी आहे, आणि ती धुराची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डीझेलचा धूर निश्चितपणें कर्करोगकारक ठरविला. ज्यांचीं मुलें मालवाहतुकीच्या रस्त्याकडेच्या शाळेंत जातात त्यांना हा विषय परका नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज सहा’ हे कडक नियम आले. तेलांतील गंधक दर दहा लक्ष भागांस ५० भाग असे, तें १० भागांवर आणलें गेलें. आणि डीझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी बसवावी लागली. ही सामुग्री स्वस्त नाहीं. लहान एंजिनाच्या किंमतीवर तिचा बोजा इतका पडतो, कीं मारुतीनें आपल्या सुपर कॅरी गाडीचें ७९३ घन सेंटिमीटरांचें डीझेल एंजिन त्या वेळीं बंदच केलें आणि पेट्रोल व दाबलेला वायु यांवर भिस्त ठेवली.

या गाळणीचा एक स्वभाव खरेदीपूर्वीं कोणी सहसा सांगत नाहीं. तिच्यांत सांठलेली काजळी सुमारें सहाशे अंशांवर जळून जाते, आणि तेवढी उष्णता गाडी कांहीं वेळ सलग, बऱ्या वेगानें धांवली तरच उत्पन्न होते. हिंगण्याहून अमरावतीस किंवा पांढुर्ण्यास जाणाऱ्या गाडीची गाळणी आपोआप साफ होते. जी गाडी दिवसभर इतवारींतील दुकानांपुढें दोन-दोन फर्लांगांवर थांबते, तिची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि कारखान्याची वारी सुरू होते. अशा कामाला डीझेल घेणें म्हणजे बैलगाडीला घोडा जुंपण्यासारखें आहे. तेथें पेट्रोल किंवा वायु बरा. आणि रात्रीं एकाच जागीं उभी राहणारी, रोजचा मार्ग ठरलेली गाडी असेल तर विजेवर चालणारीचाहि विचार करावा. ‘एस’ गाडीचा असा अवतार २०२२ पासून बाजारांत आला आहे.

पैशाचा हिशेब मनाशींच करून पाहावा. त्याला दोनच आंकडे लागतात. समजा, डीझेल गाडी पेट्रोलच्या तशाच गाडीहून लाख रुपयांनीं महाग पडली आणि दर किलोमीटरला तिनें दीड रुपया वांचविला. तर जास्तीचे लाख रुपये सुमारें ६७,००० किलोमीटरांनीं फिटतील. रोज चाळीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशें दिवस धरले, तर त्यास साडेपांच वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे बहुधा कर्जाचे हप्ते संपल्यावरहि फायदा दिसावयाचा नाहीं. रोज दीडशें किलोमीटर धांव असेल, तर दीड वर्षांतच ते फिटतात. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपापले भरावे. परंतु शेजाऱ्यानें कोणती गाडी घेतली या प्रश्नाऐवजीं आपली गाडी रोज किती धांवणार हा प्रश्न आधीं विचारला, तर पुष्कळ घरांतील तंटे मिटतील.

टर्बोच्या बाबतींत चालविणाराच्या संवयींना फार महत्त्व आहे. ती भिंगरी तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. एंजिन सुरू करतांच पाय दाबला तर तेल पोंचण्याआधींच ती धांवूं लागते. तसेंच घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरविली तर तेलाचा पुरवठा थांबतो, भिंगरी मात्र तापलेलीच असते, आणि आंतलें तेल करपून तेथेंच चिकटतें. दोन्ही वेळां एखादा मिनिट एंजिन सावकाश चालूं द्यावें. एवढ्याशा धीरानें हजारों रुपयांचें यंत्र वर्षानुवर्षें टिकतें. तेल आणि हवेची जाळी वेळेवर बदलणेंहि तितकेंच अगत्याचें. कपाशीच्या हंगामांत ज्या रस्त्यांवर तंतू आणि धूळ उडते, तेथें पुस्तकांत दिलेल्या मुदतीच्याहि आधीं जाळी झटकून पाहावी.

जुनी टर्बो गाडी घेणारानें तर विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षां धुराचा रंगच पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, किंवा तेलाची फवार बिघडली आहे. जाळी अथवा पिचकारी दुरुस्त करून हें बहुधा निभावतें. निळसर धूर म्हणजे एंजिनाचें वंगण जळत आहे. मग हवेच्या जाळीकडून टर्बोकडे येणारी रबरी नळी सोडवून बोटानें भिंगरीचा आंस हळूच हलवावा. किंचित् डुलला तर तें त्याच्या बनावटींतलेंच आहे. पातें कवचाला घासल्याची खूण दिसली, तर नव्या टर्बोची किंमत गाडीच्या किंमतींतून वजा करूनच पुढचें बोलणें करावें.