ढोराला कायदा, ढोर उचलणाऱ्याला काय?

लम्पी माणसाला होत नाही. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये, प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याखाली सरकारने अवघा महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केला. मुंबईत पोलिसांनी गुरांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले, तबेल्यांत लस पोहोचली. चांगलेच झाले. हा कायदा मालकाला रोगाची खबर द्यायला लावतो, पशुवैद्यकाला तपासणीचा अधिकार देतो, बाधित मृत जनावराची विल्हेवाटही सांगतो.

पण ते जनावर उचलतो कोण? घाटकोपर-मुलुंडच्या तुंबलेल्या गटारात उतरतो कोण? उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ भोगली आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून बजावले. आज कामाला कंत्राटाचे नाव मिळाले. हात मात्र बहुतांशी आपल्याच वस्त्यांतले!

म्हणून मागणी एकच. रोगाने मेलेल्या जनावराची नोंद करताना पशुवैद्यकाने ते उचलणाऱ्या कामगाराचे हातमोजे, गमबूट आणि वैद्यकीय तपासणी यांचीही नोंद केलीच पाहिजे. ढोराच्या रोगाला जागणाऱ्या व्यवस्थेने माणसाच्या जिवालाही जागावे.