‘देअर’ या इंग्रजी स्थलवाचक क्रियाविशेषणाचे अर्थ व उपयोग : मराठीच्या संदर्भात

प्रस्तावना

‘हिअर’ म्हणजे येथे आणि ‘देअर’ म्हणजे तेथे, हे समीकरण मराठी विद्यार्थ्यास शालेय जीवनात लवकरच दिले जाते आणि बहुधा पदवी वर्गापर्यंत ते तसेच टिकून राहते. पुढे ‘टेबलावर पुस्तक आहे’ या साध्या वाक्याचे भाषांतर ‘ऑन टेबल बुक इज’ असे केले जाते. उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ उमटते, गुण कमी होतात. परंतु मूळ वाक्यात ‘तेथे’ हा शब्द नसताना इंग्रजीत ‘देअर’ कोठून आला, हा विद्यार्थ्याचा रास्त प्रश्न अनुत्तरितच राहतो. ज्यांच्या घरी इंग्रजीचा वारा नाही, अशा विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे उत्तर वर्गाबाहेर मिळण्याची शक्यता कमी असते. म्हणून या शब्दाच्या प्रमुख अर्थांचे विवेचन करणे व मराठीशी त्याची तुलना करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. स्थलदर्शक ‘देअर’

‘देअर’चा मूळ अर्थ बोलणाऱ्यापासून दूर असलेले स्थान दर्शविणे हा होय. हे स्थान कोणते, ते शब्दावरून नव्हे तर बोलणारा कोठे आहे यावरून ठरते. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात ‘मी’, ‘येथे’ व ‘आता’ हे अशा दर्शक शब्दांचे केंद्र मानले. नागपुरातील व्यक्तीचे ‘येथे’ हे तिच्याशी दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुंबईकराचे ‘तेथे’ असते. मराठी व इंग्रजी यांचा व्यवहार या बाबतीत सारखाच आहे. लेखनात मात्र ‘देअर’ पूर्वी उल्लेखिलेल्या स्थळाकडेही निर्देश करतो. ‘ती कोल्हापूरला गेली व तेथेच स्थायिक झाली’ या वाक्यातील ‘तेथे’ याच प्रकारचे आहे.

मराठी व्याकरणात स्थलवाचक क्रियाविशेषणांचे स्थितिदर्शक व गतिदर्शक असे दोन भेद केले जातात. जुन्या इंग्रजीतही असा भेद शब्दांतूनच दिसे. स्थितीसाठी ‘देअर’, त्या दिशेने होणाऱ्या गतीसाठी ‘दिदर’ आणि तेथून होणाऱ्या गतीसाठी ‘देन्स’ असे तीन शब्द होते. ‘तेथे, तिकडे, तेथून’ ही मराठी त्रयी त्यांच्याशी जुळते. कालांतराने ‘दिदर’ व ‘देन्स’ व्यवहारातून मागे पडले आणि ‘दिदर’चे काम ‘देअर’नेच स्वीकारले. त्यामुळे ‘गो देअर’ हे शुद्ध, तर ‘गो टू देअर’ हे अशुद्ध ठरते. दिशेचा अर्थ त्या शब्दात आधीच सामावलेला आहे. ‘देन्स’ची जागा मात्र ‘फ्रॉम देअर’ या शब्दसमूहाने घेतली.

२. अस्तित्वदर्शक ‘देअर’

अडचणीचे खरे मूळ या दुसऱ्या उपयोगात आहे. ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ या वाक्यातील ‘देअर’ कोणतेही स्थान दाखवीत नाही. स्थान ‘ऑन द टेबल’ या शब्दांनी सांगितले आहे. ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मधील व्याकरणविषयक ग्रंथात अशा वाक्यांचा अस्तित्वदर्शक वाक्ये म्हणून विचार केला. क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ मधील विस्तृत इंग्रजी व्याकरणातही या ‘देअर’ला वाक्याचा व्याकरणिक कर्ता मानले आहे. याची गमके पुढीलप्रमाणे सांगता येतात :

(अ) हा ‘देअर’ आघाताविना, अस्पष्ट स्वरात उच्चारला जातो. स्थलदर्शक ‘देअर’चा उच्चार मात्र पूर्ण होतो.

(आ) प्रश्न करताना तो कर्त्याप्रमाणे क्रियापदाशी स्थान बदलतो : ‘इज देअर अ बुक?’ वाक्याअखेरच्या पुच्छप्रश्नातही तोच येतो : ‘इझन्ट देअर?’

(इ) त्याच्यानंतर बहुधा अनिश्चित नाम येते. ‘अ बुक’ चालते. ‘द बुक’ सामान्यतः चालत नाही.

(ई) एकाच वाक्यात दोन्ही ‘देअर’ येऊ शकतात. ‘देअर इज अ वेल देअर’ म्हणजे ‘तेथे विहीर आहे’. मराठीतील ‘तेथे’ हे यांपैकी शेवटच्या ‘देअर’चे भाषांतर आहे, पहिल्यासाठी मराठीत शब्दच नाही.

मग मराठी हे कार्य कसे साधते? शब्दक्रमाने. ‘टेबलावर पुस्तक आहे’ या वाक्यात पुस्तक ही नवी माहिती आहे; ‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्यात पुस्तक श्रोत्यास परिचित असून त्याचे स्थान नव्याने सांगितले आहे. पहिल्या वाक्यास इंग्रजीत ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि दुसऱ्यास ‘द बुक इज ऑन द टेबल’ असे रूप येते. ‘एका गावात एक शेतकरी होता’ या कथारंभासही हाच नियम लागू पडतो. अर्थात विद्यार्थ्यास हा भेद मातृभाषेत अवगत असतो. तो इंग्रजीत कोणत्या साधनाने व्यक्त होतो, एवढेच त्याला सांगावे लागते.

वचनाबाबतही एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. क्रियापद ‘देअर’नुसार नव्हे, तर पुढील नामानुसार बदलते : ‘देअर इज अ रिव्हर’, परंतु ‘देअर आर टू रिव्हर्स’. मराठीतही ‘नदी आहे’, ‘दोन नद्या आहेत’ असेच म्हटले जाते. ‘देअर इज’ हे अखंड सूत्र म्हणून पाठ करविल्यामुळे ही सोपी संगती विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही.

३. अन्य उपयोग

‘देअर गोज द बस’ यासारख्या वाक्यात लक्ष वेधण्याचा हेतू असतो. येथे मराठी ‘तेथे’ न वापरता ‘ती पाहा बस चालली’ असे म्हणते. कर्ता सर्वनाम असल्यास इंग्रजीत क्रम बदलतो : ‘देअर ही गोज’. ‘आय अग्री विथ यू देअर’ मधील ‘देअर’ म्हणजे ‘त्या मुद्द्यापुरते’. तर ‘देअर, देअर’ ही द्विरुक्ती दुःखी व्यक्तीचे सांत्वन करण्यासाठी येते.

कायद्याच्या भाषेत ‘देअरआफ्टर’, ‘देअरबाय’, ‘देअरऑफ’ असे जोडशब्द आढळतात. भारतीय संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात ‘देअरऑफ’ आलेला आहे. या शब्दांत ‘देअर’चा अर्थ ‘ते’ असा होतो. म्हणूनच मराठीत त्यांसाठी ‘त्यानंतर’, ‘त्यायोगे’, ‘त्याचा’ अशी सर्वनामापासून बनलेली रूपे योजावी लागतात.

स्थलवाचक शब्दांचा असा विस्तार मराठीतही झालेला आहे. एकोणिसाव्या व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घरगुती मराठीत पत्नी पतीचे नाव न घेता ‘इकडून’, ‘तिकडून’ असे म्हणत असे. दिशा दाखविणारा शब्द तेथे आदर व संकोच यांचा वाहक झाला. ‘हिअर’ व ‘देअर’ यांना असा अर्थ लाभला नाही. स्थलवाचक शब्दाचे भाषांतर केवळ कोशावरून होत नाही, हेच यातून दिसते.

समारोप

सारांश, ‘देअर’ हा एकच शब्द स्थान दाखवितो, अस्तित्व सांगतो, लक्ष वेधतो व मागील मुद्द्याचा निर्देश करतो. त्यांपैकी ‘तेथे’ हा प्रतिशब्द मुख्यतः स्थान दाखविणाऱ्या ‘देअर’साठीच पुरेसा आहे. अध्यापनात प्रथम मराठीतील दोन शब्दक्रमांचा अर्थभेद विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा, नंतर त्यांची इंग्रजी रूपे शेजारी मांडावीत आणि शेवटी दोन्ही ‘देअर’ असलेली वाक्ये मोठ्याने वाचून घ्यावीत, हा क्रम उपयुक्त ठरू शकेल. मातृभाषेतील रचना ही येथे चुकीचे कारण असली, तरी ती दूर करण्याचे साधनही तीच आहे. उत्तरपत्रिकेतील तांबड्या रेघेला अशा स्पष्टीकरणाची जोड मिळाली, तरच ती रेघ विद्यार्थ्यास काही शिकवू शकेल.