मोटारीचे टायर : माप आणि निवड

बैलगाडीच्या चाकावर चढविलेली लोखंडी धाव गाडीचे ओझे स्वतः पेलते. मोटारीच्या टायरचे तसे नाही. टायरमधील रबर, पॉलिएस्टर वा नायलॉनच्या धाग्यांचे थर आणि पोलादी तारा मिळून एक भक्कम पिशवी तयार होते. ओझे पेलण्याचे मुख्य काम त्या पिशवीत दाबून भरलेली हवा करीत असते. म्हणून टायरची निवड म्हणजे वस्तुतः किती हवा, किती दाबाने आणि कोणत्या आकाराच्या पिशवीत कोंडावयाची याची निवड होय. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीसाठी हा हिशेब उत्पादकाने आधीच केलेला असतो. परंतु मालकाने मोटारीत फेरबदल केला, मोठी रिम बसविली किंवा मागील बाजूस वायूची टाकी चढविली, म्हणजे तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मापाची भाषा

टायरच्या बाजूवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ अशासारखी अक्षरे व अंक उठविलेले असतात. त्यांपैकी १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये होय. ८० हा अंक मिलिमीटर दाखवीत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८० आहे, असे तो सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना. तीत धाग्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात. १४ हा रिमचा व्यास असून तो इंचांत दिला जातो. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच ही तिन्ही नांदत असल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.

शेवटचे ८५ आणि ‘टी’ यांकडे बहुधा दुर्लक्ष होते; वास्तविक सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहेत. ८५ हा भार-निर्देशांक असून असा एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलोग्रॅम भार पेलू शकतो, असा त्याचा अर्थ आहे. ८२ म्हणजे ४७५ किलोग्रॅम आणि ८८ म्हणजे ५६० किलोग्रॅम. ‘टी’ हे वेग-चिन्ह ताशी १९० किलोमीटरची मर्यादा दर्शविते. ‘एस’ ची मर्यादा १८० व ‘एच’ ची २१० आहे.

व्यासाचा हिशेब

मोटारीचा वेगदर्शक रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. गिअरांचे प्रमाण, ब्रेकची शक्ती आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा यांची आखणीही चाकाचा व्यास ठरावीक आहे असे मानूनच केलेली असते. म्हणून टायर बदलला तरी बाहेरचा व्यास शक्यतो बदलू नये, हा पहिला नियम.

१६५/८० आर १४ या टायरच्या भिंतीची उंची १६५ च्या शेकडा ८०, म्हणजे १३२ मिलिमीटर. भिंत रिमच्या वर व खाली अशी दोनदा येते. त्यांची बेरीज २६४. १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर होतात. एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर.

आता मालकाला १५ इंची रिम बसवावयाची आहे असे समजू. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास याच रीतीने ६२१.५ मिलिमीटर येतो. फरक शेकडा एक तृतीयांशहूनही कमी. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिलिमीटर, म्हणजे शेकडा पाऊण कमी. हे दोन्ही व्यासाच्या कसोटीस उतरतात. परंतु दिसावयास ऐटदार म्हणून निवडल्या जाणाऱ्या १९५/५० आर १५ चा व्यास केवळ ५७६ मिलिमीटर भरतो. तो मुळापेक्षा शेकडा ७ ने लहान आहे. अशा चाकांवर वेगदर्शक ८० दाखवील तेव्हा खरा वेग सुमारे ७४ असेल. नोंदले गेलेले १०,००० किलोमीटर प्रत्यक्षात सुमारे ९,३०० च असतील. आणि मोटारीचे पोट रस्त्याला सुमारे २२ मिलिमीटरने जवळ येईल. खड्डे आणि गतिरोधक असलेल्या रस्त्यांवर ही उणीव लहान नव्हे.

उलट बाजूची चूक अधिक फसवी असते. २०५/६५ आर १५ चा व्यास ६४७.५ मिलिमीटर आहे, म्हणजे शेकडा साडेचारने मोठा. मूळ टायरवर अचूक असलेला वेगदर्शक येथे ८० दाखवील त्या वेळी मोटार ताशी ८३ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असेल. चाक मोठे झाल्याने ब्रेकचा तोच जोर रस्त्यापर्यंत पोहोचताना कमी पडतो, आणि चालकचक्र पूर्ण वळविले असता टायर चाकावरील कमानीस घासण्याचा संभव असतो. व्यासातील फरक शेकडा दोन-तीनच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

भार वाढतो, क्षमता घटते

व्यास जुळला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. भिंत ठेंगणी झाली की आतील हवेचे आकारमान घटते आणि त्याबरोबर भार पेलण्याची शक्तीही घटू शकते. वर उल्लेखिलेल्या १९५/५० आर १५ चा भार-निर्देशांक सामान्यतः ८२ असतो. मूळ टायरपेक्षा प्रत्येकी ४० किलोग्रॅमची क्षमता येथे गमावली जाते. टायर रुंद दिसत असूनही.

याच मोटारीत दाबयुक्त नैसर्गिक वायूवर चालण्याची सोय करून घेतली असेल तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. ६० लिटर जलधारणेची पोलादी टाकी रिकामी असतानाही साधारणतः ६० किलोग्रॅमच्या घरात भरते. तीत नऊ-दहा किलोग्रॅम वायू मावतो. टाकी सामानाच्या जागेत बसत असल्यामुळे हे ७० किलोग्रॅम बहुतांशी मागील आसावर पडतात, म्हणजे मागील प्रत्येक टायरवर सुमारे ३५ किलोग्रॅम. एकीकडे क्षमता ४० ने घटली, दुसरीकडे भार ३५ ने वाढला. उत्पादकाने राखून ठेवलेली ७५ किलोग्रॅमची शिल्लक कोणाच्या नकळत संपली. पुढे त्याच मोटारीत पाच माणसे व सामान घेऊन भर उन्हाळ्यात द्रुतगती मार्गावर प्रवास केला, आणि टायरमध्ये हवाही थोडी कमी असली, तर टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यास प्रमाणाबाहेर वाकतात. त्या वाकण्याने उष्णता निर्माण होते. रबर व धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. आणि अखेर टायर फुटतो. हा अपघात रस्त्यावर घडला तरी त्याचे बीज टायरच्या दुकानात पेरलेले असते.

म्हणून बदली टायरचा भार-निर्देशांक आणि वेग-चिन्ह मूळ टायरपेक्षा कमी असू नये. १८५/६५ आर १५ आणि १९५/६० आर १५ यांचा निर्देशांक सामान्यतः ८८ असतो. येथे क्षमता घटत नाही, उलट वाढते. निर्देशांकातील क्षमता पुरेशा दाबानेच मिळते, हेही विसरता कामा नये. हवा टायर थंड असताना मोजावी आणि पूर्ण भारासाठी उत्पादकाने वेगळा दाब सांगितला असल्यास तो पाळावा.

रुंदीविषयीचा एक गैरसमज

रुंद टायर रस्त्यावर अधिक जागा व्यापतो, अशी समजूत आहे. चाकावर ३०० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.१ किलोग्रॅम दाब असल्यास रस्त्याला टेकणारी जागा अदमासे १४३ चौरस सेंटिमीटर होते. बोटांसह पसरलेल्या एका पंजाएवढी. टायर रुंद केला तरी भार आणि दाब तेच असतील तोवर ही जागा फारशी वाढत नाही. ती आडवी पसरते आणि लांबीने आखूड होते. कोरड्या रस्त्यावरील वळणांत त्याचा लाभ होतो. परंतु पावसात टायरपुढील पाणी बाजूला सारण्याचे काम वाढते, आणि वेगात टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका अधिक होतो.

रिम, नियम आणि खुणा

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मर्यादा असते. १८५/६५ आर १५ साठी ती ५ ते ६.५ इंच आहे. बोल्टांची संख्या व अंतर, मधल्या छिद्राचे माप आणि रिम किती आत वा बाहेर बसते, हेही जुळले पाहिजे. चाक बाहेर आले की बेअरिंगवरील ताण वाढतो. एका आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे व रचनेचे असावेत. नवी जोडी दोनच टायरांची घेतली तर ती मागे बसविणे हितावह असते, कारण मागील चाकांची पकड सुटल्यास मोटार सावरणे कठीण जाते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तत्त्वास पुष्टी दिली. इंधनाचा प्रकार बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. खाचांतील लहान उंचवटे झिजलेल्या पृष्ठाशी समतल झाले की ही मर्यादा आली असे समजावे. टायरवर भारतीय मानक चिन्ह आहे किंवा नाही हे पाहावे. उत्पादनाचा काळ चार अंकांनी दिलेला असतो : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर जुने होते.

सारांश, निवडीचा क्रम असा असावा. प्रथम चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टिका व मोटारीसोबत आलेली पुस्तिका पाहून उत्पादकाने मान्य केलेली मापे टिपून घ्यावी. बहुतेक वेळा एकाहून अधिक मापे मान्य असतात आणि त्यांतच निवड करणे श्रेयस्कर असते. नंतर व्यास, भार-निर्देशांक, वेग-चिन्ह आणि रिमची रुंदी या चार गोष्टी क्रमाने ताडून पाहाव्या. रूप आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा. यासाठी कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटांचा वेळ पुरेसा आहे. आणि मोटारीत बसणाऱ्या प्रत्येकाचे प्राण ज्या चार पंजांएवढ्या जागेवर अवलंबून असतात, तिच्यासाठी एवढा वेळ फार नव्हे.